अमृता शेरगिलच्या बायका एकमेकींकडे का बघत नाहीत?

शेवंती

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाला दिल्लीला जाणं झालं. परतीची गाडी रात्रीची होती, दुपार मोकळी होती, म्हणून इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेले. चित्रातलं मला शास्त्र म्हणून काही कळत नाही. शाळेत चित्रकलेच्या परीक्षा दिल्या तेवढ्याच. पण अमृता शेरगिलच्या 'तीन मुली'समोर उभी राहिले आणि पाय निघेनात, म्हणून हा धागा.

चित्र फार मोठं नाही. १९३५ सालचं, तेलरंगातलं. तीन तरुण मुली जवळजवळ बसल्यात. मागे ना खोली, ना खिडकी, ना झाड. कपड्यांचे लाल, नारिंगी, हिरवट असे मोठेमोठे सपाट तुकडे आणि सावळे चेहरे. अंगावर दागिना म्हणावा असा नाही. तिघींच्या नजरा खाली. एवढ्या जवळ बसूनही एक दुसरीकडे बघत नाही. पण त्या एकट्या वाटत नाहीत. तिघींना एकच गोष्ट ठाऊक आहे आणि ती बोलायची नाही असं तिघींचं ठरलंय, असं काहीसं वाटतं.

मला एकदम आमचं वाईचं घर आठवलं. आजी गेली तेव्हाची गोष्ट, मी नववीत असेन. तेराव्याच्या स्वयंपाकासाठी आई आणि माझ्या दोन मावश्या माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. दुपारची वेळ, पुरुषमाणसं बाहेर ओसरीवर. तिघींच्या पुढ्यात तीन सुपं. कुणी रडत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं, मानही वर करत नव्हतं. फक्त तांदूळ सरकवल्याचा आवाज. मी दारात उभी होते. धाकट्या मावशीने मध्येच, न बघता, हात लांब करून आईच्या सुपातला एक खडा उचलला आणि स्वतःच्या वाटीत टाकला. आईनेही बघितलं नाही, सूप नुसतं थोडं तिच्या बाजूला सरकवलं. त्या तिघींमध्ये पुढे वाटणीवरून बरंच काही झालं, ते इथे नको. पण बहिणी म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मला तो खडा आठवतो.

माणसामाणसांतलं नातं चित्रात कसं दाखवतात? आपल्याला सवय असते ती मिठीची, अश्रूंची, डोळ्यांत डोळे घातलेल्यांची. अमृता यातलं काहीच करत नाही. तिच्या चित्रांत नातं दोन अंगांच्या मधल्या जागेत असतं. कोण कुणाकडे कलंडलंय, कुणाचा हात कुठे थांबलाय, कोण कुणाला पाठ देऊन बसलंय. चेहरा जवळजवळ कोराच.

घरी येऊन बरंच वाचलं. जन्म ३० जानेवारी १९१३, बुडापेस्ट. वडील उमराव सिंग शेरगिल, पंजाबातल्या मजिठिया घराण्यातले. संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि छायाचित्रणाचे वेडे. आई मारी आंत्वानेत, हंगेरीची, गाणारी. धाकटी बहीण इंदिरा. १९२१ मध्ये हे कुटुंब शिमल्याला आलं. १९२९ मध्ये मुलीला चित्रकला शिकवायला सगळे पॅरिसला गेले, आणि १९३४ च्या अखेरीस ती परतली ती हिंदुस्थानातच चित्रं काढायची हे ठरवून. १९३८ मध्ये हंगेरीत मावसभावाशी, डॉ. व्हिक्टर एगनशी लग्न. ५ डिसेंबर १९४१ ला लाहोरमध्ये गेली. अठ्ठावीस वर्षांची होती. प्रदर्शन काही दिवसांवर आलं होतं.

तिचं 'वधूचा शृंगार' (१९३७) पाहिलंय का कुणी? मधोमध गोरी, अर्धी उघडी नवरी, मागे केस करणारी बाई, आजूबाजूला सावळ्या बायामुली. नवरीचे मेंदीने लाल झालेले तळवे असे धरलेत की जणू ते तिचे नाहीतच, ओले आहेत म्हणून सांभाळायला दिलेत. लग्नघर आहे, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. मी ज्या लग्नाला गेले होते तिथे मेंदीच्या रात्री भाचीचे हात अगदी तसेच होते. पाणीसुद्धा तिला दुसऱ्याने पाजावं लागत होतं. गाणी मोठ्याने चालू होती आणि ती मध्येच कुठेतरी निघून गेल्यासारखी बसली होती.

मला वाटतं ही खाली झुकलेली नजर तिला अजिंठ्याने दिली. तिथला बोधिसत्त्व पद्मपाणी आठवा. युरोपात असतानाच तिने घरी लिहिलं होतं की अजिंठ्याच्या एका चित्रापुढे अख्खं युरोपचं प्रबोधन फिकं आहे, अशा अर्थाचं. मग प्रत्यक्ष अजिंठा पाहिला आणि 'तीन मुली' आली.

तुम्हाला काय दिसतं या चित्रांत? ज्यांनी मूळ चित्रं पाहिलीत त्यांनी जरूर लिहा.


निळीशाई

सुंदर लिहिलं आहेस. खड्याची गोष्ट वाचून थांबले.

बहिणींचा विषय निघालाच आहे तर पॅरिसमधलं 'तरुण मुली' (१९३२) विसरू नकोस. त्यात तिची सख्खी बहीण इंदिरा आहे आणि समोर मैत्रीण डेनिझ. इंदिरा नीट कपड्यांत, ताठ, घरची मालकीण असल्यासारखी. डेनिझ अर्धवट कपड्यांत, आणि तिचे मोकळे सोनेरी केस चेहऱ्यावर आलेत. म्हणजे तिथेसुद्धा नजरेला नजर नाहीच. एकीचा चेहरा दिसतो, दुसरीचा केसांआड. या चित्राला १९३३ मध्ये पॅरिसच्या ग्रँड सलाँ या मोठ्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

काही अभ्यासक म्हणतात की त्या दोघी म्हणजे अमृताच्याच दोन बाजू, एक युरोपची सभ्य आणि एक बेबंद. मला ते जरा ओढूनताणून वाटतं. मला त्या खरंच दोन मैत्रिणी वाटतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी एकीच्या खोलीत बसून ज्या गोष्टी बोलायच्या त्या बोलून झाल्यात, आणि आता दोघींनाही उठायचं नाहीये.


रेघोट्या

धागा आवडला. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. एक दुरुस्ती करतो, राग मानू नका.

शेवंतीताई, क्रम उलटा झालाय. 'तीन मुली' १९३५ ची. अजिंठा तिने प्रत्यक्ष पाहिला तो १९३६ च्या अखेरीला मुंबईत प्रदर्शन करून पुढे दक्षिणेला जाताना. त्यामुळे ती खाली गेलेली नजर अजिंठ्याची देणगी म्हणता येत नाही. पुस्तकांतून आणि पॅरिसच्या संग्रहालयातून तिला अजिंठा ठाऊक होता हे खरं. पण 'तीन मुली'त जास्त ओळखू येतो तो गोगँ, ताहिती बेटावरच्या बायका रंगवणारा फ्रेंच चित्रकार: सपाट रंगांचे पट्टे, ठळक कडा, आणि स्वतःच्या विचारात बसलेल्या बायका. ताहितीच्या बायकांसारखं स्वतःचंच एक चित्र तिने १९३४ मध्ये केलंय, त्यावरून ओढ कळते.

अजिंठ्याने काय दिलं ते पुढच्या तीन मोठ्या चित्रांत बघा. 'वधूचा शृंगार', 'ब्रह्मचारी' आणि 'दक्षिण भारतीय खेडूत बाजाराला जाताना', तिन्ही १९३७ ची. आकृत्यांची गुंफण आली. आधी ती माणसं शेजारी ठेवायची, आता ती एकमेकांत अडकवू लागली. एकीच्या खांद्याच्या रेषेतून दुसरीचा दंड सुरू होतो. पांढरा आणि काळा रंग कसे वापरलेत तेही पाहा. ब्रह्मचाऱ्यांच्या धोतरांतला पांढरा एकसारखा कुठेच नाही.

मी मुलांना घेऊन अजिंठ्याला चार वेळा गेलोय. सगळे पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गर्दी करतात. मी मुलांना सोळाव्या लेण्यात नेऊन जास्त वेळ बसवायचो. तिथे ती 'मरणासन्न राजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेली सुंदरी आहे. नवरा नंद भिक्षू झाल्याची बातमी आली आहे, आणि तिची मान ढळली आहे. दुःख चेहऱ्यावर कमी आणि त्या मानेत, सैल पडलेल्या बोटांत जास्त. मागून एका दासीने तिला हात दिलाय. डोळे अंधाराला सरावायला पाच मिनिटं द्यावी लागतात, मग तो हात दिसतो. एकदा एका मुलीने मला विचारलं, "सर, ही मागची पडू नये म्हणून धरते आहे की स्वतः पडेल म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. अमृता त्या लेण्यात किती वेळ थांबली असेल कोण जाणे, पण तिला नेमकं हेच दिसलं असणार असं माझं मन सांगतं.

आणि एक. 'तीन मुली'ला १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे त्या चित्राची पहिली मोठी कदर आपल्या मुंबईत झाली. कार्ल खंडालावाला हे मुंबईचे वकील आणि कलासमीक्षक. त्यांच्याशी तिची मैत्री इथेच जमली आणि शेवटपर्यंत टिकली.


पाटावरवंटा

सगळ्यांचं कौतुक वाचलं. मी थोडं वेगळं बोलणार आहे.

माझी आई शेतमजुरी करायची, आजीपण. आमच्याकडे बायका जिथे चार जमतात तिथे गप्प बसत नाहीत. खुरपताना बोलतात, दळताना बोलतात, नदीवर धुणं बडवताना तर काय विचारू नका. जात्यावर बसली की आजी ओव्या म्हणायची, त्यात सासूचा उद्धार, नणंदेचा उद्धार, भावाची वाट बघणं, सगळं. दुःख होतं, पण ते आवाजात होतं. आणि मध्ये हसणं पण असायचं, पोट धरून.

म्हणून मला या चित्रांतल्या मुक्या, उदास बायका बघितल्या की वाटतं, या आमच्या नाहीत. मोठ्या घरची मुलगी, पॅरिसहून आलेली, गरीब बायकांना समोर बसवते आणि त्यांच्यात उदासी बघते. त्यांच्याशी ती काय बोलली असेल? कोणत्या भाषेत? अनोळखी माणूस समोर रंग घेऊन बसलं तर माझी आईसुद्धा अशीच मान खाली घालून बसेल. ते तिचं दुःख नाही. लाज आहे, आणि कधी सोडतायत याची वाट बघणं आहे.

चित्रं वाईट आहेत असं म्हणत नाही. पण 'भारतीय स्त्रीचं मन' वगैरे जे लिहितात ते मला पटत नाही.


सांजवात

पाटावरवंटा, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे. तरी दुसरी बाजू माझ्याजवळची सांगते.

'खाटेवर पहुडलेली बाई' हे १९४० चं चित्र. लाल कपड्यातली बाई खाटेवर आडवी पडली आहे, एक गुडघा वर, खाटेचे खूरही लालभडक. खाली जमिनीवर एक बाई बसून पंख्याने वारा घालते आहे. या दोघींतही नजरानजर नाही.

माझी सासू शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. आमच्याकडे दिवसातून आठ-आठ तास वीज जायची. मी दुपारभर तिच्याजवळ बसून पुठ्ठ्याने वारा घालायची. आमच्या दोघींचं कधीच फारसं जमलं नव्हतं. बोलायला काही नसायचं. पण हात दुखला की मी हात बदलायची, आणि तेवढ्या एका क्षणात वारा थांबला की ती डोळे न उघडता म्हणायची, "राहू दे आता." मी म्हणायची, "असू दे." वीस वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललेलं सगळ्यात मायेचं बोलणं तेच असेल.

त्या चित्रात कोण मालकीण, कोण नोकर हे स्पष्ट दिसतं, आणि ते अमृताने लपवलेलं नाही. पण खाटेवरचीही काही सुखात नाही. तिला उठायला जागा नाही आणि खालचीला थांबायची मुभा नाही. तो लाल रंग मला उकाड्याचा वाटतो.


शेवंती

रेघोट्याकाका, राग कसला, चूक दाखवलीत ते बरं झालं. साल मी लिहिलं होतं, पण जुळवून बघितलं नव्हतं. सोळाव्या लेण्यातल्या त्या मुलीचा प्रश्न मात्र आता माझ्या डोक्यातून जाणार नाही.

पाटावरवंटा, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. एक माहिती मिळाली ती आधी सांगते. 'तीन मुली'तल्या मुली गरीब किंवा खेड्यातल्या नाहीत. अमृतसरला मजिठिया घराण्याच्या घरात हे चित्र काढलं आणि समोर बसल्या होत्या त्या तिच्या नात्यातल्याच मुली. माझंही चुकलंच होतं. मी साधे कपडे बघून त्या कुणी कष्टकरी पोरी असाव्यात असं धरून चालले होते. म्हणजे भरल्या घरातल्या, खाऊनपिऊन सुखी मुलींना तिने बिनदागिन्याचं, भिंतीशिवाय बसवलं आणि त्यांच्यात तिला हे दिसलं.

पण तुमचा प्रश्न त्याने संपत नाही, उलट जास्त टोचतो. 'डोंगरी बायका' (१९३५, यावर १९७८ मध्ये टपाल तिकीटही निघालं) किंवा 'भारतमाता' यांत खरोखरच शिमल्याच्या आसपासची गरीब माणसं आहेत, आणि तिथेही तीच नजर, तीच उदासी. श्रीमंत भाचीला आणि मोलमजुरी करणाऱ्या बाईला एकच मुद्रा. हे तिने स्वतःच्या आतलं त्यांच्यावर घातलं, असं तुम्ही म्हणालात तर मला नाही म्हणता येणार नाही.

फक्त एवढंच म्हणेन की ती खोटं रडत नव्हती. घरात दोन देश, तीन-चार भाषा, आईचा जीव एका जागी आणि वडिलांचा दुसरीकडे. लग्न करायला हंगेरीला गेली तेव्हा मागे घरच्यांनी तिची जपून ठेवलेली पत्रं जाळली, आणि ते कळल्यावर तिने वडिलांना लिहिलेलं पत्र वाचवत नाही. जवळच्या माणसांत बसून परकं वाटणं काय असतं हे तिला शिकावं लागलं नव्हतं.


काळवीट

पत्रांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ती पत्रं आणि टिपणं पुढे तिच्या भाच्याने, इंदिरेच्या मुलाने, दोन मोठ्या खंडांत संपादित केली. विवान सुंदरम. स्वतः मोठे चित्रकार, २०२३ मध्ये गेले.

या धाग्याचा विषय 'नाती' असेल तर विवान यांचं एक काम इथे यायलाच हवं. आजोबा उमराव सिंग आयुष्यभर घरच्यांचे फोटो काढत होते: बायको, दोन मुली, आणि फार करून स्वतःचे. विवाननी ते जुने फोटो संगणकावर एकत्र करून नवी चित्रं तयार केली. वेगवेगळ्या सालांतली, वेगवेगळ्या शहरांतली माणसं एका खोलीत आणून ठेवली. तरुण अमृता आणि म्हातारे वडील, आरशात कुणी, दारात कुणी. एका घरात राहणारी माणसं एकाच काळात राहत नसतात, हे मला त्या फोटोंसमोर पहिल्यांदा पटलं. माझे वडील आणि मी एकाच टेबलावर जेवायचो आणि ते १९७१ सालात असायचे.

आणि तिथेही, मुद्दाम बघा, फार थोडे लोक एकमेकांकडे बघतात. फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, म्हणजे उमराव सिंगांकडे. ते एकत्र आणले तरी सगळ्यांची नजर बापाकडेच राहते.

अवांतर: तिची चित्रं १९७६ पासून राष्ट्रीय ठेवा म्हणून देशाबाहेर नेता येत नाहीत. २०२३ मध्ये तिचं 'कथाकथनकार' लिलावात ६१.८ कोटींना गेलं. पण सगळ्यात मोठा साठा दिल्लीत जयपूर हाउसलाच आहे, तिकीट काढून कुणालाही बघता येतो.


रेघोट्या

पाटावरवंटा यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्यांचा आक्षेप चित्रांच्या आतूनच तपासायला हवा असं मला वाटतं, आणि तसं केलं तर त्यातला एक भाग खरा ठरतो.

लग्नानंतर अमृता आणि व्हिक्टर गोरखपूरजवळ सरायाला राहायला आले. तिथे तिच्या घराण्याचा साखर कारखाना होता, व्हिक्टर तिथे डॉक्टर. तिथली, लग्नाआधीच्या मुक्कामातलीही, चित्रं बघा. 'जनानखान्याच्या अंगणात' (१९३८), 'झोपाळा', 'हळद दळणाऱ्या' (दोन्ही १९४०). आकृत्या लहान झाल्या. माणसं एकदम समोर येऊन बसत नाहीत, आपापल्या कामात असतात. अंगणातल्या चित्रात हिरव्या सपाट जागेत एका मुलीचे केस विंचरणं चाललंय, बाकीच्या आपल्या इकडेतिकडे. या काळात ती मुघल आणि बसोहलीच्या (जम्मूकडच्या पहाडी शैलीतल्या) लघुचित्रांत बुडाली होती, खंडालावालांशी पत्रांतून त्यावर बोलायची. लघुचित्रात माणूस एकटा भावनेचं ओझं वाहत नाही. झाड, भिंत, रंग सगळे मिळून वाहतात. म्हणून चेहऱ्यावरची ती मुद्दामची उदासी कमी झाली.

हळदीच्या चित्रात तर चेहरे जवळजवळ नाहीतच. झाडांचे बुंधे, गडद सावली, वाकलेल्या पाठी आणि पिवळ्याचा एक ठिपका. शाळेत मी मुलांना हे चित्र दाखवून विचारायचो, यातला आवाज कोणता? सगळी मुलं एकच सांगायची, दगडाची घरघर. 'तीन मुली'बद्दल विचारलं की वर्ग गप्प व्हायचा.

म्हणजे तिने पाच वर्षांत, बायका बसवून त्यांचं दुःख रंगवण्यापासून, बायका जिथे असतात तिथे जाऊन बसण्यापर्यंतची वाट चालली. तुमच्या आजीच्या ओव्या तिला कळल्या नसत्या. पण जात्याभोवती बायका कशा बसतात, एकीचा जोर संपतो तिथे दुसरीचा कसा लागतो, हे तिला दिसायला लागलं होतं. आणि तिथेच ती गेली. लाहोरच्या गच्चीवरून दिसणारं शेवटचं चित्र अर्धंच आहे. त्यात म्हशी आहेत.


निळीशाई

काका, 'यातला आवाज कोणता' हा प्रश्न मी माझ्या वर्गात चोरणार आहे. तुमची परवानगी गृहीत धरते.


पाटावरवंटा

रेघोट्यासर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काल रविवार होता, गावी गेलो होतो. ही चित्रं मोबाईलवर आईला दाखवली. आई पंच्याहत्तरीची आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता बरं दिसतं. चष्मा लावून, मोबाईल लांब धरून तिने बघितलं.

हळदीचं चित्र आधी दाखवलं. ती लगेच म्हणाली, "सावलीला बसल्यात ते बरं केलं. हळद डोळ्यात जाती." मग म्हणाली, "नाकाला पदर बांधला पायजे." एवढंच. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिच्या दृष्टीने ते बरोबर होतं, म्हणजे जसं असतं तसं होतं. मला ते फार मोठं वाटलं. आजवर कुठल्याच चित्राला तिने "असंच असतं" म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

मग 'तीन मुली' दाखवलं. मला वाटलं होतं म्हणेल, कोण मेलंय? ती बराच वेळ काही बोलली नाही. बोटाने मोठं करून बघायला मी शिकवलं, तर तिने चेहरे मोठे केले नाहीत, हात मोठे केले.

"ह्यांच्या हाताला काम न्हाई," म्हणाली.

मी म्हटलं, मोठ्या घरच्या आहेत.

"तेच म्हणती मी. काम आसतं तर बोलल्या आसत्या."

मी शेवंतीताईंची तांदूळ निवडायची गोष्ट तिला सांगितली. तिघी काम करत होत्या तरी बोलत नव्हत्या, म्हटलं. त्यावर आई म्हणाली, "आरं ते बोलनंच हाय की. खडा उचलला न्हवं तिनं?"

मी पहिल्या प्रतिसादात लिहिलं होतं की या आमच्या नाहीत. ते 'तीन मुली'पुरतं अजून मला तसंच वाटतं. हळदीच्या चित्राबद्दल मागे घेतो.

मोबाईल परत द्यायच्या आधी आईने ते चित्र पुन्हा मागून घेतलं आणि विचारलं, "ह्यातली थोरली कंची?" मला सांगता आलं नाही. शेवंतीताई, तुम्ही मूळ चित्र पाहिलंय, तुम्हाला कोण वाटते?


शेवंती

मला लाल कपड्यातली वाटली होती. पण आता खात्री नाही, परत बघावं लागेल.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आणि सांजवातने लिहिलंय ते खाटेचं चित्र त्यांना पुढच्या वेळी दाखवा. वारा घालणारीबद्दल त्या काय म्हणतात ते इथे येऊन नक्की लिहा, मी वाट बघते.